दगड आता उडतो: नेटफ्लिक्सवरील ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’

एम. नाइट श्यामलन यांच्या २०१० सालच्या ‘द लास्ट एअरबेंडर’ या चित्रपटात पाच-सहा धट्टेकट्टे पुरुष रांगेत उभे राहून बराच वेळ हातवारे आणि पदन्यास करतात, आणि एवढ्या खटाटोपानंतर बेताच्या आकाराचा एक दगड हवेतून सावकाश तरंगत जातो. हा चित्रपट ज्या कार्टून मालिकेवर बेतला होता, तिच्यात पृथ्वीतत्त्व वश असलेला एकटा माणूस टाच आपटून भिंत उभी करत असे. याच कथेवर नेटफ्लिक्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये आठ भागांची मालिका आणली, तेव्हा ती पाहायला बसलेल्या माझ्यासारख्या जुन्या चाहत्याच्या मनात आधी तो दगडच होता. म्हणून पहिल्यांदा तेच सांगतो: या मालिकेत दगड वेळेवर उडतात आणि त्यांना वजनही आहे.

मायकेल दान्ते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएट्झ्को यांची मूळ मालिका निकेलोडियनवर २००५ ते २००८ या काळात ६१ भागांत पूर्ण झाली. जल, पृथ्वी, अग्नी आणि वायू ही चारही तत्त्वे वश करू शकणारा, जन्मोजन्मी परतणारा ‘अवतार’ म्हणजे आंग नावाचा बारा वर्षांचा मुलगा. तो शंभर वर्षे बर्फात गोठून राहतो आणि जागा होतो तेव्हा त्याची सारी जमात अग्निराष्ट्राने संपवलेली असते. (आपल्या पंचमहाभूतांपैकी आकाश तेवढे त्यांनी वगळले आहे.)

श्यामलन यांच्यावर चाहत्यांचा राग आजही निवळलेला नाही. मात्र त्यांनी हे काम अनास्थेने हाती घेतले होते असे म्हणता येत नाही. त्यांच्या मुलीला ही मालिका आवडत असे, तिच्यामुळेच ते या कथेकडे वळले. अडचण अशी झाली की पहिल्या पर्वाचे वीस भाग पावणेदोन तासांच्या आत कोंबताना त्यांनी प्रसंग ठेवले आणि थट्टामस्करी काढून टाकली, त्यामुळे पात्रे एकमेकांशी बोलण्याऐवजी प्रेक्षकांना माहिती देत राहिली. पात्रनिवड तर त्याहून खटकणारी होती. मूळ कथेत सावळ्या असलेल्या, आंगला साथ देणाऱ्या जलजमातीच्या कटारा आणि सोका या बहीणभावांच्या भूमिका गोऱ्या कलाकारांना मिळाल्या, आणि शत्रुपक्षात देव पटेल व मुंबईत जन्मलेले आसिफ मांडवी दिसले. दिग्दर्शक स्वतः भारतात जन्मलेला असताना हे घडावे, याचे वाईट आपल्याकडच्या चाहत्यांना अधिकच वाटले. गंमत म्हणजे ‘अवतार’ या शब्दाचा त्या चित्रपटातील उच्चार मूळ मालिकेपेक्षा आपल्या उच्चाराला जवळचा होता, तरी आम्ही त्यालाही नावे ठेवली. चित्रपटाला पाच रॅझी, म्हणजे सर्वांत वाईट चित्रपटांना दिले जाणारे उपहासात्मक पुरस्कार, मिळाले.

नेटफ्लिक्सच्या मालिकेने पात्रनिवडीची ही चूक मनापासून सुधारली आहे. डॅलस लियू याचा झुको, म्हणजे अग्निराष्ट्राचा हद्दपार राजपुत्र, आणि पॉल सन-ह्युंग ली यांचा आयरो, म्हणजे त्याचा काका, एका चौकटीत आले की मालिका कार्टूनच्या सावलीतून बाहेर पडते. आयरोच्या मुलाच्या अंत्यविधीच्या प्रसंगात कार्टूनमधल्या जुन्या गाण्याची धून केवळ वाद्यांवर ऐकू येते, आणि ती ओळखणाऱ्याचा गळा दाटून येतो. सहावा भाग तर दोनदा पाहावा असा आहे. ज्या ४१व्या तुकडीचा बळी देण्यास झुकोने युद्धसभेत विरोध केला, तीच तुकडी हद्दपारीत त्याच्या जहाजावर नेमली गेली होती, हे त्या खलाशांना त्या भागात कळते. कार्टूनमध्ये हा दुवा नव्हता. मूळ कलाकृतीला हात लावू नका असा धोशा लावणाऱ्या आम्हा मंडळींना सर्वाधिक आवडलेला प्रसंग नव्याने रचलेला निघावा, ही आमची पंचाईतच म्हणायची.

आता उणिवा. मूळ निर्मात्यांनी मतभेदांमुळे हा प्रकल्प सोडल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले, तेव्हा जी धास्ती वाटली होती ती आंगच्या बाबतीत खरी ठरली. कार्टूनमधला आंग जबाबदारीला घाबरून पळून जातो आणि मागे राहिलेल्यांचा नाश होतो. तो सल त्याच्या प्रत्येक हसण्याखाली असतो. नव्या मालिकेत तो केवळ मन शांत करायला फेरफटका मारायला निघतो आणि वादळात सापडतो. दोष काढून घेतला तसे पात्राचे बळही गेले. गॉर्डन कॉर्मियर हा मुलगा गोड आहे, पण त्याच्या तोंडी आपल्या स्वभावाचे वर्णन करणारी वाक्ये दिली आहेत आणि खोड्या करायला वेळ ठेवलेला नाही. पहिल्या भागात वायुभटक्यांचा, म्हणजे आंगच्या जमातीचा, संहार सविस्तर दाखवला आहे. कार्टूनने नुसता आंगचे गुरू ग्यात्सो यांचा सांगाडा दाखवून त्याहून जास्त हादरवले होते. ओमाशू या शहरात घडणाऱ्या दोन भागांत तर जेट, यंत्रशास्त्रज्ञ, राजा बूमी आणि गुप्त बोगदा अशा चार स्वतंत्र कथांची खिचडी झाली आहे.

ज्यांनी कार्टून पाहिलेले नाही त्यांनी आधी तेच पाहावे. ज्यांनी पाहिले आहे त्यांनी तिसऱ्या आणि चौथ्या भागांत थोडा धीर धरावा. झुकोसाठी तो सार्थकी लागतो. माझ्याकडून पाचपैकी तीन तारे, आणि सहाव्या भागासाठी वर अर्धा. उरलेल्या दोन पर्वांची घोषणा मार्च २०२४ मध्येच झाली. कथेच्या दुसऱ्या खंडात टॉफ ही आंधळी मुलगी येते, जी जमिनीच्या कंपनांवरून जग ओळखते आणि धिप्पाड पहिलवानांना एकटी लोळवते. त्या भूमिकेत दगड हलकेफुलके वाटले, तर श्यामलन यांची आठवण पुन्हा निघणार.