ओझरचं (नाशिक विमानतळाचं) विमान: तारीख बदलायची की रद्द करून नवं काढायचं?

तिकिटाची तारीख बदलताना सगळे आधी शुल्क बघतात, पण खर्चाचे भाग दोन: शुल्क आणि जुन्या-नव्या भाड्यातला फरक. शुल्क माणशी, शिवाय जाण्याचं वेगळं आणि येण्याचं वेगळं. चौघांचं जाऊन-येऊन तिकीट पूर्ण हलवलं तर ते आठ वेळा भरायचं.

समजण्यापुरते आकडे घेऊ. ओझर–दिल्ली तिकीट 5,200 रुपयांचं, त्यात मूळ भाडं (कर आणि इतर शुल्कं वगळून) 4,200. बदला किंवा रद्द करा, शुल्क 3,000. नव्या तारखेचं तिकीट 6,000. बदललं तर 3,000 अधिक फरकाचे 800, म्हणजे 3,800. रद्द केलं तर 2,200 परत येतात आणि नव्यासाठी वर 3,800 घालावे लागतात. हिशेब तोच! अशा वेळी बदलच करा; परताव्याची वाट बघायला नको.

स्वस्त तिकिटाचं गणित उलटं. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमाप्रमाणे रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही. तिकीट 2,800 चं, मूळ भाडं 2,100 आणि इंधन अधिभार नाही असं धरा. रद्द केल्यावर 700 हाती येतात. नवं 3,000 ला मिळालं तर खिशातून 2,300 जातात. बदलाचं शुल्क पूर्ण 3,000 लावलं तर फरकासह 3,200. ऑनलाइन तिकीट काढताना पुन्हा लागणारं सुविधा शुल्क धरूनही रद्द करणं परवडतं. म्हणून आधी तिकिटावर मूळ भाड्याचा आकडा शोधा, एकूण रकमेवर जाऊ नका.

ओझरहून फेऱ्या मोजक्याच, त्यामुळे ‘त्याच दिवशी संध्याकाळचं’ बहुधा मिळत नाही. मुंबईहून निघायचं ठरलं तर रद्द करून नवं तिकीट काढणंच आलं. त्यात कसारा घाटातून जाणाऱ्या टॅक्सीचं भाडं आणि टोलही मोजा.

उड्डाण किमान सात दिवस लांब असेल आणि तिकीट विमान कंपनीच्याच संकेतस्थळावर काढलं असेल, तर तिकीट काढल्यापासून पहिल्या 48 तासांत बदल किंवा रद्द करायला शुल्क नाही. फरक मात्र भरावा लागतो. कंपनीनेच उड्डाण रद्द केलं तर घाईने स्वतः तिकीट रद्द करू नका. पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा मागा.

आणि काहीच न कळवता गैरहजर राहणं सगळ्यात महाग. मूळ भाडं बुडतं, परतीचं तिकीटही त्याच पीएनआरवर (आरक्षण क्रमांकावर) असेल तर तेही बहुधा जातं. प्रवासी सेवा शुल्क, विमानतळ विकास शुल्क यांसारखे कर तेवढे परत मिळतात, तेही बऱ्याचदा मागितल्यावरच.