'मामाने जपानहून आणलेला' गेम बॉय

गेम बॉय ॲडव्हान्स एसपीचं एजीएस-१०१ हे मॉडेल जपानमध्ये कधी विकायलाच आलं नव्हतं. तिथे २००३ मध्ये एसपी आला तो एजीएस-००१, आणि शेवटपर्यंत तोच राहिला. १०१ निघाला २००५ मध्ये, अमेरिकेसाठी, मग युरोपातही गेला. तेव्हा "१०१ आहे, मामाने जपानहून आणलाय" असं कोणी म्हटलं की तिथेच नमस्कार करून निघावं. ही माहिती मला साडेसोळा हजार रुपयांना पडली. तुम्हाला फुकट देतेय, घ्या.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. एसपी म्हणजे मधोमध मिटणारा, खिशात मावणारा गेम बॉय, निन्टेन्डोचं हातात धरून खेळायचं यंत्र. ००१ च्या पडद्यावर उजेड समोरच्या बाजूने पडतो, त्यामुळे रंग फिके आणि जरा धुरकट दिसतात. १०१ चा पडदा मागून उजळतो, बऱ्याच मोबाइलचा उजळतो तसा. बाहेरून दोन्ही सारखेच. फरक कळतो तो पाठीवरच्या लेबलवरून आणि पडद्याखाली मधोमध असलेल्या उजेडाच्या बारक्या बटणावरून. ००१ वर ते बटण दाबलं की दिवा साफ बंद होतो. १०१ वर दिवा कमी-जास्त होतो, बंद होत नाही. एवढ्यासाठी शौकीन माणूस बरेच जास्त पैसे मोजतो. "अगं, फोनवर फुकट खेळता येतं की" हे मला आईपासून ऑफिसातल्या शिपाईकाकांपर्यंत सगळ्यांनी ऐकवून झालंय. येतं ना. मीसुद्धा खेळते. आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी पोकेमॉन खेळला तो भावाच्या नाहीतर सायबर कॅफेतल्या कॉम्प्युटरवर, इम्युलेटर, म्हणजे गेम बॉयचं सोंग घेणारं सॉफ्टवेअर, टाकूनच. पण खरं यंत्र हातात असण्याची गोडी ज्याला कळत नाही, त्याला समजावत बसायचं मी सोडून दिलंय.

हा माणूस मला भेटला तो ठाणे-नवी मुंबईतल्या जुन्या गेमवाल्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर. त्याचं नाव इथे लिहीत नाही, तक्रार चालू आहे आणि ते नाव तरी खरं होतं की नाही कोण जाणे. ग्रुपवर आल्यावर सुरुवातीला त्याने काहीच विकायला काढलं नाही. नुसता गप्पा मारायचा, आणि गप्पा अशा की वाचणारा पाघळलाच पाहिजे. मे महिन्याच्या सुट्टीत टीव्ही गेम दिवसाच्या भाड्याने आणायचा, डिपॉझिटला बाबांचं घड्याळ ठेवायचं. रात्री घरातले सगळे झोपले की आवाज बंद करून काँट्रा. '९९९९९९ इन १' लिहिलेल्या पिवळ्या कॅसेटमध्ये तेच ते गेम नाव बदलून पुन्हा पुन्हा यायचे, तरी यादीच्या शेवटापर्यंत जाऊन बघायचं. कॅसेट चालली नाही की फुंकर. (फुंकरीने काही होत नाही बरं का, उलट तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात. कॅसेट काढून परत बसवल्यामुळे ती चालायची आणि श्रेय फुंकरीला जायचं.) टीव्ही गेममध्ये समुराई कोणाकडे होता, मीडियाचा लिटल मास्टर कोणाकडे, यावरून त्याने रात्री बारा वाजेपर्यंत ग्रुप जागता ठेवला होता. निन्टेन्डोचा मूळ टीव्ही गेम फॅमिकॉम जपानात १९८३ ला आला आणि त्याच्या नकला आपल्या घरात नव्वदीत शिरल्या, हा सगळा इतिहास त्याला तोंडपाठ.

मग एकाला त्याने समुराईचा जुना कंट्रोलर दिला, अगदी वाजवी भावात. नौपाड्यातल्या एका काकांना अडॅप्टर तर फुकटच दिला, "काका, तुमच्याकडे शोभेल" म्हणून. आता मागे वळून पाहिलं तर ही सगळी त्याची पेरणी होती. ग्रुपवर कोणी नवीन आलं आणि "अमुकतमुक कोणाकडे मिळेल?" असं विचारलं, की आम्हीच त्याचं नाव सुचवायला लागलो. त्याला स्वतःची जाहिरात करावीच लागली नाही.

माझ्याशी बोलताना "ताई" शिवाय वाक्य नाही. "ताई, बायकांमध्ये ही आवड फार कमी दिसते, म्हणून सांगतो, ग्रुपवर टाकायच्या आधी तुम्हाला दाखवतो." पर्ल ब्लू रंगाचा एसपी, पाठीवर एजीएस-१०१ लिहिलेलं लेबल, सोबत पोकेमॉन एमराल्ड आणि फायररेड. मामा योकोहामाला नोकरीला होता, त्याने आणलेला. अठरा म्हणाला, साडेसोळावर आला. घासाघीस करताना रुसलासुद्धा. खोटी वस्तू विकणारा माणूस सहसा लगेच खाली उतरतो असा माझा समज होता, तो समज त्याच्याही ओळखीचा असणार.

भेट वाशी स्टेशनच्या बाहेर, भर दुपारी. मी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर म्हणत होते, तो म्हणाला, संध्याकाळी शिफ्ट असते, दुपारीच जमेल, आणि "आतमध्ये गर्दी असते, बाहेर उघड्यावर बरं". या 'उघड्यावर'मध्येच सगळी मेख होती. ००१ चा दिवा उन्हात लावा नाहीतर बंद करा, डोळ्यांना फरक दिसत नाही. त्याचा पडदा बाहेरच्या उजेडावरच छान दिसेल असा बनवलेला आहे. मी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, चित्र होतं तसंच राहिलं. तो शेजारून, "बघा ताई, दिवा बंद होत नाही, शंभर टक्के १०१." खरं तर १०१ चा पडदा कडक उन्हात उलट पुसट दिसतो. म्हणजे त्या दुपारी चित्र जितकं स्पष्ट दिसत होतं तितका संशय वाढायला हवा होता, पण ही गोष्ट दोन्ही मॉडेल शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय कोणालाही कळायची नाही. दोन्ही गेमचे कार्ट्रिज, म्हणजे कॅसेटच, लावून पाहिले, दोन्ही चालले. यूपीआयने पैसे दिले आणि ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून ठाण्याला आले.

रात्री खोलीतला दिवा मालवून गादीवर पडले आणि एसपी उघडला. चित्र फिकट, कडेला निळसर झाक. उजेडाचं बटण दाबलं तर समोर मिट्ट काळोख. पुन्हा दाबलं, उजेड. पुन्हा दाबलं, काळोख. मग उठून दिवा लावला आणि पाठीवरच्या लेबलच्या कोपऱ्यात नख घातलं. वरचं लेबल साधा स्टिकर सुटावा तसं अलगद सुटून आलं आणि खाली मूळ लेबल जसंच्या तसं: एजीएस-००१. म्हणजे मामा खरंच असेल आणि खरंच जपानला असेल, तर त्याने आणलेली वस्तू अगदी बरोबर होती. भाच्याने तेवढं लेबल बदललं.

कार्ट्रिजची भानगड कळायला आणखी वेळ गेला. एमराल्डमध्ये खेळ पुढे सरकला, सेव्ह केला, आणि मग एक दिवस यंत्र सुरू केलं तर नवीन खेळ सुरू करा एवढंच. सेव्ह गायब. त्याला लिहिलं तर उत्तर तयार: "ताई, वीस वर्षं जुना माल आहे, आतली बॅटरी संपली असणार, बॅटरी संपली की सेव्ह उडतं." हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण ते अर्धं खरं आहे आणि म्हणूनच खपतं. जुन्या गेम बॉयच्या पोकेमॉनमध्ये, म्हणजे रेड, ब्लू, गोल्ड, सिल्व्हर वगैरेंमध्ये सेव्ह बॅटरीवरच जगतं, बॅटरी गेली की सगळं गेलं. एमराल्डमध्ये तसं नाही. त्यातली बॅटरी फक्त घड्याळासाठी असते. ती संपली तर सुरुवातीलाच तसा संदेश येतो, वेळेवर अवलंबून असलेल्या गोष्टी बंद पडतात, पण सेव्ह बॅटरीशिवाय टिकणाऱ्या फ्लॅश मेमरीत असतं, ते जागचं हलत नाही. बॅटरीबरोबर सेव्ह उडालं, म्हणजे कार्ट्रिज नकली.

मग मी तीन पात्यांच्या स्क्रूचा पेचकस मागवला आणि दोन्ही उघडले. फायररेडच्या आत बॅटरी होती! फायररेडमध्ये घड्याळच नाही, त्यामुळे अस्सल फायररेडमध्ये बॅटरी कधी नसतेच. चिपच्या जागी डांबराच्या थेंबासारखा काळा गोळा ओतलेला. अस्सल कार्ट्रिज ओळखायला उघडायचीही गरज नसते: खालच्या फटीतून उजेडात पाहिलं तर पिनांच्या जरा वर, हिरव्या पट्टीवर बारीक अक्षरात 'निन्टेन्डो' लिहिलेलं दिसतं. शिवाय पुढच्या स्टिकरवर दोन-तीन अक्षरांचा दाबून उठवलेला आकडा असतो, शाईचा नाही, नुसता दाबाचा. तिरका धरला की दिसतो. माझ्या दोन्हींवर यातलं काहीही नव्हतं. भेटीच्या वेळी मी फटीतून बघायला लागले तेव्हा "ताई, फार हाताळू नका, किंमत उतरते" म्हणत त्याने ते चटकन यंत्रात घातले होते.

एक सांगते. नकली कार्ट्रिजवर माझा राग नाही. 'नकली आहे' म्हणून सहाशे रुपयांना दिलं असतं तर मीच घेतलं असतं, आणि ००१ सुद्धा ००१ च्या भावात आनंदाने घेतला असता. तो अजून माझ्याकडे आहे आणि चालतो.

पैसे परत मागितले तेव्हा आधी भांडण नाही, नकार नाही. "ताई, नातं बिघडायला नको, पूर्ण पैसे परत करतो." आणि एक क्यूआर कोड आला: हा स्कॅन करा, पिन टाका, लगेच साडेसोळा हजार जमा. स्कॅन केल्यावर फोनच्या पडद्यावर 'पे' असं स्पष्ट लिहिलेलं. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. मी तो पडदा तसाच स्क्रीनशॉट काढून त्याला पाठवला. दोन निळ्या टिका आल्या आणि डीपी गायब झाला.

ग्रुपवर सगळं टाकलं तेव्हा एकेक जण बोलायला लागला. डोंबिवलीच्या एका दादांनी त्याच्याकडून निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम या जपानी टीव्ही गेमचा अख्खा सेट घ्यायचं ठरवलं होतं. ॲडव्हान्स दिला, मग "माल कस्टम्समध्ये अडकलाय, ड्यूटी निम्मी तुम्ही निम्मी मी" असा निरोप आला, आणि ती निम्मी ड्यूटी याच्याच यूपीआयवर. सरकारी ड्यूटी कोणाच्या खासगी खात्यात भरत नसतात, हे एरवी दादा चार लोकांना सांगतील. पण त्यांना यंत्र चालू असल्याचा व्हिडिओ आला होता, खारघरच्या घरी काढलेला म्हणे. तो व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी मिळून पुन्हा पाहिला. यंत्राच्या मागे भिंत, भिंतीवर सॉकेट, आणि सॉकेटला दोन उभ्या चपट्या फटी. खारघरमध्ये कुठल्या घरात असलं सॉकेट असतं? आपल्याकडे गोल भोकं. जपानी यंत्राचा अडॅप्टरही १०० व्होल्टचा असतो, तो आपल्या २३० वर सरळ लावला तर जळतो, मध्ये ट्रान्सफॉर्मर लागतो. व्हिडिओ कुठल्या तरी जपानी माणसाने आपल्या घरी काढलेला होता, याने तो उचलून पुढे ढकलला.

मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली. सगळे चॅट, व्यवहाराचा नंबर, सुटलेल्या लेबलचा फोटो जोडला. तिथे पहिला प्रश्न आला, पैसे कधी दिले? पैसे गेल्या गेल्या फोन केला तर ते पुढच्या खात्यात गोठवता येण्याची शक्यता बरीच असते. माझ्या बाबतीत वस्तू हातात होती, ती खोटी ठरेपर्यंत ते पैसे केव्हाच पुढे गेले होते. तक्रारीचा नंबर मिळालाय, पैसे अजून नाहीत. डोंबिवलीच्या दादांनीही तक्रार केली, कारण एकाच यूपीआय आयडीविरुद्ध दोन तक्रारी असल्या तर बरं, असं आम्हाला वाटलं. अजून कोणाचे पैसे अडकले असतील तर लाजू नका. "गेमच्या खेळण्यात पैसे घालवले" असं घरचे म्हणतील म्हणून गप्प बसलेले दोघे तर मला आमच्याच ग्रुपवर भेटले.

आता ग्रुपवर आम्ही ठरवलंय की एसपी घ्यायचा तर भेट दिवसा असो वा रात्री, छपराखाली. एखाद्या हॉटेलात बसायचं, चहा सांगायचा, यंत्र टेबलाखाली अंधारात धरून बटण दाबायचं. विकणारा खरा असेल तर तोही चहा पितो. मागच्या रविवारी तलावपाळीजवळ अशीच एक भेट झाली, पाचपाखाडीच्या मुलाने कोणाच्या तरी आत्याचा खरा १०१ घेतला. आत्या न्यू जर्सीला असते.

तो माणूस परवा दुसऱ्या ग्रुपवर दिसला. नंबर नवा, डीपीवर गणपती, पण एसपीचे फोटो तेच, मला पाठवलेले, बिजागरीजवळच्या त्याच ओरखड्यासकट. तो एसपी माझ्या कपाटात आहे. यावेळी सोबत निन्टेन्डोचा एन६४ हा टीव्ही गेम आहे, ॲडव्हान्स तीस टक्के, भेट सीवूड्स स्टेशनच्या बाहेर, दुपारी. मामा आता ओसाकाला आहे.