वर गच्ची असेल तर एसी, नसेल तर कूलर: सोलापुरातल्या भाडेकरूंसाठी

भाड्याच्या घरासाठी एसी घ्यावा की कूलर, असं कोणी विचारलं की माझा पहिला प्रश्न मजल्याचा असतो. वर थेट गच्ची असेल तर एप्रिल-मेमध्ये दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो, आणि पंखा तीच हवा अंगावर ढकलतो. खालच्या किंवा मधल्या मजल्यावर हा जाच बराच कमी असतो. तिथे लगेच एसीच्या दुकानात जाऊ नका.

आपल्याकडचा उन्हाळा कोरडा आहे, आणि कूलरला नेमकं हेच हवं असतं. बाहेर 42 अंश आणि हवेत 20 टक्के आर्द्रता असेल, तर चांगल्या पॅडचा कूलर साधारण 28 अंशांची हवा देतो. मुंबईत हे जमणार नाही. मात्र कूलरची पाठ उघड्या खिडकीकडे हवी आणि आत आलेली हवा बाहेर पडायला दुसरी वाट हवी. दारं-खिडक्या लावून खोलीच्या मध्ये ठेवला, की तासाभरात चादर ओलसर लागते आणि लोक कूलरला नावं ठेवतात. मृग लागून हवेत दमटपणा आला की त्याची करामत संपते, पण तोवर आपला खरा उन्हाळाही सरलेला असतो.

अडचण पाण्याची आहे. मोठा डेझर्ट कूलर भर उन्हात तासाला 8-10 लिटर पाणी सहज पितो. ज्या भागात नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि घरात एकच टाकी आहे, तिथे रात्रभर कूलर चालवणं म्हणजे सकाळच्या अंघोळीशी भांडण. बोअरचं पाणी वापरलं तर क्षार साचून पॅड पांढरे, कडक होतात आणि हंगाम संपायच्या आतच बदलावे लागतात. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासायची, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. हे कष्ट कोण करणार, ते घरात आधीच ठरवा.

विजेचा हिशोब लोक समजतात तेवढा भयंकर नाही. कूलर 200 वॅटचा धरला तर रोज आठ तासांचे महिन्याला 50 युनिटच्या आत-बाहेर. एक टनाचा इन्व्हर्टर एसी तेवढ्याच वेळात रोज 5 ते 8 युनिट घेईल, म्हणजे महिन्याला 150 ते 240. महावितरणच्या घरगुती दरात 100, 300 आणि 500 युनिटांचे टप्पे आहेत. एसीमुळे घराचा एकूण वापर 300 च्या पुढे जाऊ शकतो, पण महाग दर फक्त त्या वरच्या युनिटांना लागतो, सगळ्या बिलाला नाही. घरमालकाने सबमीटर बसवून स्वतःचा दर लावला असेल, तर तो आधी विचारून घ्या. एसी 26 वर ठेवून पंखा बारीक लावला तर झोप छान लागते. 18 वर ठेवल्याने खोली लवकर गार होते, हा निव्वळ गैरसमज आहे.

एसीतही भाडेकरूने विंडो की स्प्लिट, हे पैशापेक्षा भिंतीवरून ठरवावं. स्प्लिटला भिंतीला आरपार होल पडतं, बाहेर अँगल ठोकावे लागतात. घर बदलताना काढणं, पुन्हा बसवणं, कमी पडलेला कॉपर पाईप, गळलेला गॅस, सगळं तुमच्या खिशातून. तेव्हा परवानगी लेखी घ्या आणि होल कोण बुजवणार, तेही त्यातच लिहा. डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले जातात ते याच ठिकाणी. विंडो एसी उचलला की निघाला, पण सरकत्या काचा आणि पक्की ग्रील असलेल्या खिडकीत तो बसत नाही. चाकांचा पोर्टेबल एसी हा उपाय दिसतो, पण एका नळीवाला स्वतःच खोलीतली हवा बाहेर फेकतो आणि फटींतून गरम हवा आत ओढतो. आवाजही मोठा. मी सुचवणार नाही.

एसीची क्षमता बाहेर 35 अंश धरून मोजलेली असते. आपल्या 43 मध्ये ती घटते. त्यामुळे पश्चिमेची भिंत आणि वर गच्ची असलेल्या, 120 चौरस फुटांच्या खोलीलाही मी दीड टनच घेईन. आउटडोअर युनिट गच्चीवर उन्हात न ठेवता सावलीच्या बाजूला लावा. आणि बेडरूममध्ये 16 अँपिअरचा, वेगळ्या एमसीबीचा (जास्त वीज ओढली की आपोआप पडणाऱ्या स्विचचा) पॉइंट नसेल तर आधी इलेक्ट्रिशियन, मग एसी. साध्या पॉइंटवर एसी लावणं म्हणजे वायर जाळून घेणं.

घर दोन उन्हाळे टिकणार असेल आणि मालक राजी असेल, तर वरच्या मजल्यावर स्प्लिट घ्या. वर्षभरातच सोडायचं असेल, तर खिडकी पाहून विंडो. बाकी सगळ्यांनी कूलर, आणि गच्ची मालकाची असली तरी मार्चमध्ये तिला चुन्याचे दोन हात मारून द्यायची परवानगी मागा. बहुतेक मालक हो म्हणतात, कारण खर्च तुमचा असतो.