मामा तलावात जाळ्यांवर बंधन घालायचं, तर कोणतं?

मच्छीमार संस्थेच्या आमसभेत जाळ्यांवर बंधन घालायचा विषय निघाला की समुद्रावरचा नियम जसाच्या तसा उचलला जातो: पावसाळ्यात दोन महिने मासेमारी बंद. कोकण किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस बंदी असते. तिथं ती शोभते, कारण बऱ्याच जातींचा विणीचा काळ तोच आणि समुद्रही खवळलेला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या मामा तलावाला, म्हणजे माजी मालगुजारी तलावाला, तीच लावली, तर कटला-रोहूच्या उत्पन्नात काहीच फरक पडत नाही.

या माशांना अंडी घालायला चढतं, वाहतं पाणी लागतं. साचलेल्या तलावात मादीच्या पोटात अंडी तयार होतात, पण सुटत नाहीत. किलोभराच्या रोहूत दोन लाखांच्या आसपास अंडी असली, तरी तलावाला त्यातून एक पिल्लूही मिळत नाही. म्हणून तर संस्थेला दरवर्षी बोटुकल्या, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, विकत आणून सोडाव्या लागतात. तेव्हा ठरावाआधी एवढंच पाहावं: तुमच्या पाण्यात मासा जन्मतो, की नुसता वाढतो?

हंगामी बंदी

गोसेखुर्द किंवा इटियाडोहसारख्या, नदी येऊन मिळणाऱ्या जलाशयात पावसाळी बंदी उपयोगाची. तिथंही सगळं पाणी बंद करायची गरज नसते. पहिल्या पुराला मासे नदीच्या तोंडाकडे चढतात. तो पट्टा जून ते ऑगस्ट जाळ्यांपासून मोकळा ठेवला, तरी बरंच साधतं.

मामा तलावात बंदीचा काळ बदलायला हवा. बोटुकल्या जुलै ते सप्टेंबरात सुटतात आणि पुढचे तीन-चार महिने त्या बारीक जाळ्यात सापडतात. त्यामुळे इथली बंदी बीज सोडल्या दिवसापासून धानाच्या कापणीपर्यंत असावी. जूनची बंदी कामाची आहे ती मरळीसाठी. मरळ उथळ, गवताळ काठाला घरटं करते आणि आई-बाप पिल्लांचा थवा राखतात. मोठी जोडी उचलली, तर सगळी पिल्लं दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात.

जाळ्याची आस

आस म्हणजे जाळ्याच्या एका घराचं माप. सर्वसाधारण तलावासाठी आमचं मत किमान आस ठरवण्याच्या बाजूनं आहे. हिशेब सरळ आहे. १०,००० बोटुकल्या १०० ग्रॅमच्या झाल्यावर काढल्या, तर एक टन माल. थांबलात आणि त्यातल्या निम्म्या मेल्या असं धरलं, तरी उरलेल्या ५,००० अर्ध्या किलोवर काढल्यास अडीच टन. शिवाय मोठ्या माशाला भाव वेगळा.

घोटाळा होतो तो मोजण्यात. काही दुकानदार आस शेजारच्या दोन गाठींमध्ये मोजतात, काही ताणून समोरासमोरच्या गाठींमध्ये. पहिल्या पद्धतीचं दोन इंची जाळं दुसऱ्या पद्धतीनं चार इंची ठरतं. ठरावात ‘ताणून, समोरासमोरच्या गाठी’ असंच लिहावं. तपासताना जाळं ओलं करावं, सलग दहा घरं ताणून मोजावीत आणि दहानं भागावं. दहा घरांची लांबी एक मीटर भरली, तर आस १०० मिमी.

फास जाळ्यात मासा अडकतो तो त्याच्या घेरावर. १०० मिमी आसेत रोहू साधारण किलोच्या आसपास सापडतो. कटल्याचं अंग रुंद, म्हणून तो त्याच जाळ्यात अर्धा-पाऊण किलोलाच अडकतो. ५० मिमीच्या जाळ्यात दोन्हींची पोरसवदा मासळी जाते. म्हणून फास जाळ्याला किमान १०० मिमी ठेवावी.

याचे दोन तोटे आधीच सांगून ठेवावेत. तिलापिया असलेल्या तलावात नुसतं मोठं जाळं चाललं, की तिलापिया माजतो. त्यासाठी एप्रिल-मेमध्ये ठरलेल्या भागात ६० मिमीची सूट द्यावी. सापडलेलं कटला-रोहूचं पोर जिवंत परत सोडायचं. दुसरं, झिंगे आणि बारीक देशी मासळी ही घरच्या भाजीची आणि बायकांच्या हातातल्या चार पैशांची गोष्ट आहे. आसेचा नियम फास जाळी आणि महाजाल (तळापासून ओढत नेण्याचं मोठं जाळं) यांच्यापुरताच ठेवावा. हातजाळीला तो लावला, तर ठराव पहिल्याच महिन्यात मोडतो, आणि मोडणाऱ्यांचं चूक म्हणता येत नाही.

विशिष्ट जाळ्यावर बंदी

समुद्रात पर्ससीन, म्हणजे माशांचा अख्खा थवा घेरणाऱ्या, जाळ्यांवर ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासन आदेशानं क्षेत्राची आणि हंगामाची मर्यादा आली. आपल्याकडे तो मान महाजालाचा. ते तळ खरवडतं, पाणवनस्पती उपटतं आणि बोटुकलीही सोडत नाही. पण पाणी उतरल्यावर शेवटचा माल काढायला दुसरा मार्गही नाही. मे महिन्यापुरती परवानगी पुरे. तंगुसाची (एकेरी नायलॉन धाग्याची) जाळी मात्र टाळलेलीच बरी: हरवलं तर तळाशी पडून मासे मारत राहतं.

राखीव पाणी

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं आणि स्थानिक मच्छीमारांचा विरोध तेव्हापासूनचा. रेघ बाहेरच्यानं आखली, की ती पाळली जात नाही. तलावात ती संस्थेनं स्वतः आखावी, पण उन्हाळ्याचं पाणी पाहून. ऑगस्टात भरल्या तलावात आखलेला तुकडा धानाला पाणी सोडल्यावर कोरडा पडतो. मेमध्येही पाणी राहणारा खोल डोह मोठ्या माशांसाठी आणि गवताळ काठ मरळीसाठी, असे दोन तुकडे लागतात. बेशरमचं बन त्यात धरू नका. ते काढून देशी वनस्पती लावाव्या लागतात. खुणेला बंद प्लास्टिक कॅन, दगडाला बांधलेली. दोर भरल्या तलावाच्या खोलीच्या दीडपट ठेवावा, नाहीतर पाणी चढल्यावर कॅन बुडते.

पेंचच्या तोतलाडोहसारखं पाणी राष्ट्रीय उद्यानात असेल, तर निवड उरतच नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो आणि मासेमारी बंद. संस्थेचा ठराव तिथं चालत नाही.

यातलं काहीही निवडा, सांडवा उघडा असेल तर बोटुकली वाहून जाणारच. बांबूची ताटी तिरपी लावावी आणि झडीच्या दिवसांत दर दोन-तीन तासांनी तिचा कचरा काढावा. ताटी तुंबली तर पाणी फुगून तलावाच्या पाळीवर (बांधावर) येतं, म्हणून रात्रपाळीला कोण, त्यांची नावं ठरावातच लिहावीत.