ग्रुपिंग फाटलं, आता बदलायचं काय: स्कोप, काडतूस की बेडिंग?

गेल्या हंगामात 100 यार्डांवर सव्वा इंचात बसणारे फटके यंदा चार इंचांत विखुरले की बहुतेकांना पहिला संशय स्कोपचा, म्हणजे रायफलवरच्या नेमाच्या दुर्बिणीचा येतो. स्कोप बदलणं, काडतूस बदलणं आणि बेडिंग (रायफलचा धातूचा भाग दस्त्यात नीट बसवणं) या तिन्हींत नवा स्कोप हा महाग उपाय, आणि पुष्कळदा चुकीचाही. हा आढावा अमेरिकेत परवाना घेऊन हरणाच्या हंगामाची तयारी करणाऱ्यांसाठी आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने हौशी शिकारीला बंदी आहे. क्लबमध्ये स्कोप लावून .22 चालवणाऱ्यांना मात्र यातल्या बऱ्याच तपासण्या तशाच लागू पडतात.

अपेक्षा आधी ठरवा. .308 किंवा .30-06 ची बारीक नळीची कारखानी रायफल दुकानातल्या काडतुसांवर 100 यार्डांवर दीड इंचाचा ग्रुप (एकाच नेमाने मारलेल्या फटक्यांचा पसारा) देत असेल, तर ती चांगली आहे. व्हाइटटेल हरणाचा मर्मभाग साधारण 8 इंचांचा धरतात. दोन इंचांचा ग्रुप 200 यार्डांवर चार इंच होतो, म्हणजे तेवढ्या अंतरावर रायफलकडून अडचण नाही. अर्ध्या इंचाच्या मागे लागून खर्च करायचा असेल तर तो शिकारीसाठी नाही, हे मनाशी स्पष्ट असू द्या.

तिन्ही पर्यायांआधी स्क्रू तपासायचे. चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने पाहा, मग टॉर्क रेंच (मोजून जोर लावणारा पाना) घ्या. स्कोप धरणाऱ्या रिंगच्या वरच्या स्क्रूंना बहुधा 15 ते 18 इंच-पौंड पुरतात, पण तुमच्या रिंगसोबत आलेल्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. रिंग ज्यावर बसतात त्या बेसचे स्क्रू 20 ते 25. दस्त्याला अ‍ॅक्शन (बोल्ट ज्यात चालतो तो धातूचा भाग) धरणारे स्क्रू लाकडी किंवा साध्या सिंथेटिक दस्त्यात 35 ते 45, अ‍ॅल्युमिनियमचा बेडिंग ब्लॉक असेल तर 65 पर्यंत. निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा द्रव) फक्त बेसच्या स्क्रूंना लावा. रिंगच्या स्क्रूंवर ते ओलं असताना वंगणासारखं वागतं, रेंचवर तोच आकडा दिसूनही पकड जास्त बसते आणि स्कोपची नळी चेपते. बेसचा सर्वांत पुढचा स्क्रू लांब असेल तर तो आत टेकतो: स्क्रू घट्ट वाटतो, बेस मात्र सैलच राहतो. तो बसवल्यावर बोल्ट जड चालला तर कारण तिथेच आहे. शेवटी स्क्रू आणि बेस यांच्यावरून नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. रेघ तुटली की स्क्रू फिरला.

एवढ्यावर भागलं नाही तर खर्चाचा विचार.

काडतूस बदलणं सर्वांत स्वस्त आहे आणि आम्ही सुरुवात इथूनच करायला सांगतो. प्रत्येक नळीला काही गोळ्या मानवतात, काही मानवत नाहीत. .308 साठी 150, 165 आणि 180 ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) अशी एकेक पेटी घ्या, प्रत्येकीचे पाच-पाच फटक्यांचे दोन ग्रुप काढा. तीन फटक्यांच्या एकाच ग्रुपवरून निकाल देऊ नका, नशिबाने जुळलेला ग्रुप खूप फसवतो. बारीक नळी तीन फटक्यांतच तापते, त्यामुळे मध्ये थांबा आणि नळी हाताला कोमट लागेपर्यंत पुढचा फटका नको. तांब्याच्या गोळीवरून शिशाच्या गाभ्याच्या गोळीवर जाताना नळी साफ करा आणि नंतरचे तीन-चार फटके मोजू नका. पेटीवरचा लॉट नंबरही (कारखान्यातल्या खेपेचा क्रमांक) बघा, लेबल तेच असलं तरी लॉट बदलला की ग्रुप आणि झिरो (ठरलेल्या अंतरावर नेम आणि फटका जुळवणं) दोन्ही सरकू शकतात. कागदावर लांबट भोकं दिसली तर गोळी आडवी होतेय. .223 ची 1:12 पिळाची (12 इंचांत एक वेढा) नळी आणि 69 ग्रेनची गोळी ही अशी न जुळणारी जोडी आहे.

स्कोप दोषी आहे का, ते चौकोन काढून कळतं. पाव मिनिटाच्या क्लिकचा स्कोप असेल (मिनिट हे कोनाचं माप, 100 यार्डांवर साधारण 1.05 इंच) तर नेम एकाच बिंदूवर ठेवून तीन फटके मारा. मग 32 क्लिक वर, 32 उजवीकडे, 32 खाली, 32 डावीकडे, आणि प्रत्येक वळणानंतर तीन फटके. 100 यार्डांवर चौकोनाची बाजू सुमारे 8.4 इंच यायला हवी आणि शेवटचा ग्रुप पहिल्यावर पडायला हवा. तो परतला नाही तर स्कोपच्या आतली यंत्रणा ढिली झाली आहे, आणि अशा स्कोपवर आणखी काडतुसं जाळण्यात अर्थ नाही. पक्का पुरावा हवा तर खात्रीचा दुसरा स्कोप लावून बघा. ग्रुप जुळला तर नवा स्कोप घ्या, नाही तर पैसे खिशात ठेवा. एक गोष्ट स्कोपच्या माथी उगाच मारली जाते, ती पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलला की नेमाची खूण निशाणावरून सरकलेली दिसणं. बाजूला नॉब नसलेले शिकारीचे स्कोप बहुधा 100 किंवा 150 यार्डांना जुळवलेले असतात, .22 चे 50 ला. .22 चा स्कोप मोठ्या रायफलवर चढवला आणि गाल दर वेळी वेगळ्या जागी टेकला, तर फटके सरकणारच.

बेडिंगची खूण वेगळी असते. पहिला फटका जागेवर, दुसरा थोडा वर, तिसरा आणखी वर, म्हणजे तापत जाणारी नळी दस्त्याला टेकतेय. नळी आणि दस्ता यांच्या फटीतून एक डॉलरची नोट सरकवत अ‍ॅक्शनकडे न्या, अडकली तिथे स्पर्श आहे. (काही दस्त्यांत टोकाशी मुद्दाम टेकू दिलेला असतो, घासायला घेण्यापूर्वी ते विचारून घ्या.) लाकडी दस्ता दमट हवेत फुगतो, त्यामुळे उन्हाळ्यात जुळलेली रायफल पावसात बिघडलेली दिसते. नळीच्या तोंडावरून कानातल्या काडीचा कापूसही आतून बाहेर फिरवा. धागे अडकले तर काठाला ओरखडा आहे, आणि ते काम बेडिंगसारखंच गनस्मिथचं.

नेमबाजाचीही परीक्षा घ्या. मॅगझिनमध्ये कोणीतरी नकली काडतूस न सांगता मिसळून द्यावं. चाप ओढताना नळी खाली गेली तर वरचे तिन्ही उपाय निरुपयोगी आहेत.

हंगाम दोन आठवड्यांवर असेल तर बेडिंगला हात लावू नका, रेझिन सुकवून पुन्हा झिरो करायला वेळ उरत नाही. स्क्रू घट्ट करा, मानवेल ते काडतूस शोधा आणि त्याच लॉटच्या दोन पेट्या घेऊन ठेवा. हंगामाला तीन महिने असतील आणि फटके तापल्यावर एकाच दिशेने सरकत असतील, तर नव्या स्कोपचे पैसे बेडिंगला द्या. चौकोन जुळला नसेल तरच स्कोप घ्या. काहीही बदललं तरी झिरो नव्याने करा, आणि थंड नळीचा पहिला फटका कुठे पडतो ते वेगळ्या कागदावर टिपून ठेवा, कारण हरणावर सुटतो तो तोच.