बोआ कन्स्ट्रिक्टर पाळण्यापूर्वी : कोणता किती मोठा होतो?

बोआ कन्स्ट्रिक्टरचे नुकते जन्मलेले पिल्लू जेमतेम दीड फूट लांब असते आणि मनगटाला वेढा घालून शांत बसते. अनेक घरांत निर्णय नेमका त्याच क्षणी होतो. प्रत्यक्षात हा साप चांगली निगा राखल्यास वीस ते तीस वर्षे जगतो. फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातील एक बोआ तर ४० वर्षांहून अधिक जगला. त्यातली वाढीची पहिली तीन-चार वर्षे वगळली, तर उरलेले सगळे आयुष्य तो आपल्या मोठ्या आकारातच घालवतो. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि मुलांच्या हट्टामुळे बोआचा विचार करणाऱ्या मराठी कुटुंबांना निवड करताना उपयोग व्हावा, म्हणून पुढील तुलना केली आहे.

प्रथम नावांचा घोळ दूर करणे आवश्यक आहे. ‘रेड-टेल बोआ’ या नावाने जे साप सर्रास विकले जातात, त्यांतले बहुसंख्य खरे तर बोआ इंपरेटर, म्हणजे मध्य अमेरिका आणि कोलंबियाच्या पश्चिम भागातून आलेल्या वंशाचे असतात. सुरिनाम, गयाना, पेरू या देशांतला, शेपटीवर गडद तांबडे पट्टे असलेला बोआ हा खरा रेड-टेल. याखेरीज काही बेटांवर पिढ्यान्‌पिढ्या वेगळे राहिल्यामुळे आकाराने लहान झालेले बोआ आहेत. होंडुरासच्या कायोस कोचिनोस बेटांवरचा ‘हॉग आयलंड’ बोआ त्यांतला सर्वांत परिचित.

इंपरेटरचा नर साधारण पाच ते सहा फुटांवर थांबतो. मादी सहा ते आठ फुटांपर्यंत जाते. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण सापाचे वजन लांबीच्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून कितीतरी वेगाने वाढते. माझ्याकडे एकाच वेतातली नर-मादीची जोडी गेली अकरा वर्षे आहे. नर साडेपाच फुटांचा असून त्याचे वजन तीन किलोच्या आत आहे. मादी सात फुटांच्या थोडी पुढे गेली आहे आणि झाकणाच्या डब्यात ठेवून वजनकाट्यावर घेतली की काटा साडेसात किलो दाखवतो. नराला मी एकटा सहज उचलतो. मादीच्या शरीराचा मधला भाग माझ्या दंडाहून जाड आहे आणि ती खांद्यावर चढून आवळू लागली की तिची ताकद स्पष्ट जाणवते, म्हणून तिला बाहेर काढताना घरातले दुसरे मोठे माणूस शेजारी असल्याशिवाय मी पेटी उघडत नाही. बहुतेक अनुभवी पाळणारे सहा फुटांपुढच्या सापासाठी हाच नियम पाळतात, आणि तो काटेकोरपणे पाळावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

खरा रेड-टेल याच्या एक पायरी वर आहे. त्याचा नर सहा ते आठ फूट, मादी सात ते नऊ फूट आणि क्वचित दहा फुटांपर्यंत वाढते. दिसायला हा तिन्हींत देखणा, यात शंका नाही. परंतु त्याची पचनशक्ती नाजूक असते. भक्ष्य थोडे मोठे दिले, घाईने दुसरे दिले किंवा उष्णता कमी पडली की तो खाल्लेले ओकून टाकतो आणि त्यातून सावरायला त्याला बराच काळ लागतो. जुन्या पुस्तकांत त्रिनिदादच्या साडेअठरा फुटी बोआचा उल्लेख आढळतो, पण तो साप ॲनाकोंडा होता असे पुढे निष्पन्न झाले, त्यामुळे त्या आकड्याने घाबरण्याचे कारण नाही.

बेटांवरचे नर बहुधा तीन ते साडेचार फुटांचे आणि माद्या चार ते साडेपाच फुटांच्या असतात. लहान घरासाठी हे सोयीचे आहेत, मात्र येथे फसगत होण्याचा संभव अधिक. हॉग आयलंड आणि इंपरेटर यांचा संकर करून ती पिल्ले शुद्ध म्हणून विकली जातात, आणि अशा पिल्लाचा अंतिम आकार कोणालाच सांगता येत नाही. म्हणून आई-बापांना प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय, निदान त्यांची छायाचित्रे व वजने मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत. कात दाखवून लांबी सांगितली तर ती ग्राह्य धरू नये, कारण कात टाकताना ती ताणली जाते आणि सापापेक्षा बरीच लांब भरते.

पेटी लहान ठेवली की साप लहान राहतो, हा समज पूर्णपणे चुकीचा आहे. अडचणीत ठेवलेला साप वाढतोच, फक्त त्याचे हाल होतात. खाण्याचा मात्र वाढीवर परिणाम होतो : दर आठवड्याला मोठा उंदीर दिल्यास साप लवकर मोठा होतो, पण चरबी साठून त्याचे आयुष्य घटते. पूर्ण वाढलेल्या इंपरेटरला तीन ते सहा आठवड्यांतून एकदा योग्य आकाराचे भक्ष्य पुरते. पेटीसाठी सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच हे माप पूर्वी पुरेसे मानत. आता सापाला अंग पूर्ण सरळ करता यावे, अशी अपेक्षा असते. म्हणजे मादी रेड-टेलसाठी एका खोलीची जवळजवळ एक भिंत द्यावी लागेल. पेटीच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला सुमारे २६ अंश तापमान ठेवायचे असल्याने मोठ्या पेटीचा विजेचा खर्चही त्या मानाने वाढतो.

कायद्याचा विचारही आकाराइतकाच आधी करावा. अमेरिकेच्या केंद्र सरकारने २०१५ मध्ये काही मोठ्या सापांना उपद्रवी प्राण्यांच्या यादीत घातले, तेव्हा प्रस्तावात असलेला बोआ वगळला. तरीही राज्याचे, शहराचे आणि भाडेकराराचे नियम वेगळे असू शकतात. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा विदेशी प्राण्यांची नोंदणी बंधनकारक आहे, आणि आपल्याकडचे अजगर किंवा मांडूळ पाळणे हा तर सरळ गुन्हा आहे.

पहिल्यांदाच बोआ पाळणाऱ्याला मी इंपरेटरचा नर सुचवेन. त्याची वाढ आटोक्यात राहते, खात्रीचे ब्रीडर सहज सापडतात आणि एकट्या माणसाला तो सांभाळता येतो. जागा फारच कमी असेल आणि वंशाची खात्री पटली असेल, तर बेटावरचा बोआ घ्यावा. रेड-टेलची मादी मात्र आधी दुसरा एखादा बोआ काही वर्षे सांभाळलेल्यानेच घ्यावी. कोणताही घेतला तरी पिल्लू नर आहे की मादी, याची जाणकाराकडून तपासणी करून ते पावतीवर लिहून घ्यावे.