पडद्यावरचं नाव: ग्रुप क्लासचे सात महिने

आठवड्यातून चार दिवस ग्रुप क्लास: दोन दिवस सायकल, दोन दिवस वजनं आणि सर्किट, म्हणजे एकामागून एक व्यायामांच्या फेऱ्या. समोर भिंतभर पडदा, त्यावर प्रत्येकाचं नाव, वॉट्स (पेडलवर किती जोर लागतोय तो आकडा), हृदयाचे ठोके आणि गुण. क्लास कसा आहे असं कुणी विचारलं की मी आधी या पडद्याबद्दलच सांगते. गाणी, दिवे आणि ओरडणारी ट्रेनर सगळीकडे सारखीच असतात.

पहिले दोन महिने पडद्यानं मला अक्षरशः ओढून नेलं. घरी एकटी वीस मिनिटांत कंटाळणारी मी इथं पंचेचाळीस मिनिटं तग धरू लागले. पहिल्या नंबरच्या पोराचं मला काहीच वाटायचं नाही. तो २४० वॉट्सवर गप्पा मारायचा. टोचायची ती शेजारच्या सायकलवरची, कायम माझ्यापेक्षा पाच-सात वॉट्सनं पुढे असणारी. ऑटो कोहलर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १९२०च्या दशकात नौकानयनपटूंवर प्रयोग करून हेच पाहिलं होतं. जोडीनं वजन उचलताना कमी ताकदीचा गडी एकट्यापेक्षा जास्त टिकतो, पण जोडीदार थोडासाच वरचढ असला तर. फारच पुढचा असेल तर मन आधीच हात टेकतं.

तिसऱ्या महिन्यात गोम कळली. आमच्याकडे गुण मिळतात ते कमाल ठोक्यांच्या किती टक्क्यांवर तुम्ही आहात यावरून. नवख्यांसाठी हे छान. साठीच्या बाई आणि पंचविशीचा पोरगा एका रांगेत येतात. पण माझा दम वाढला, तसे त्याच वेगाला, त्याच रेझिस्टन्सला ठोके दहा-बारानं कमी पडू लागले. म्हणजे तब्येत सुधारली आणि नंबर घसरला! त्यावर मी आठवडाभर खट्टू होते, हे लिहितानाही हसू येतंय.

शिवाय ते कमाल ठोके काढतात २२० वजा वय या सूत्रानं. मी ४४ ची, म्हणजे १७६. एका चढाला १८३ दिसले आणि पडद्यानं मला १०४ टक्के देऊन टाकले. ट्रेनर धावत आली, मी मात्र मजेत. ते सूत्र सरासरीचं आहे, प्रत्यक्षात दहा-बारा ठोके इकडेतिकडे सहज निघतात. वॉट्सचीही तीच कथा. एकाच मॉडेलच्या दोन सायकली सारखे आकडे दाखवत नाहीत, त्यामुळे ‘हलकी’ सायकल पकडायला मंडळी दहा मिनिटं आधी हजर.

सर्किटची स्पर्धा मात्र मला महागात पडली. बारा मिनिटांत जास्तीत जास्त फेऱ्या, आणि आकडा फळ्यावर. फळा फेऱ्या मोजतो, स्क्वॉट किती खाली गेला ते मोजत नाही. त्यामुळे सगळ्यांचे स्क्वॉट हळूहळू अर्धे झाले, माझेही. पाचव्या महिन्यात केटलबेल स्विंगच्या (कडीचं वजन दोन्ही हातांनी झुलवायचा व्यायाम) शेवटच्या फेरीत खुब्यातून वाकायचं सोडून पाठ गोल केली आणि तीन आठवडे घरी बसले. कुणी टोकलं नाही, कारण जो तो आपापलं मोजत होता. मीही.

नव्यानं येणाऱ्यांना एकच सांगते: पहिल्याच क्लासला कुणाशी बरोबरी करू नका. सवय नसताना अति ताणलं की स्नायूंच्या पेशी फुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात, मूत्रपिंडावर ताण येतो. नंतर एक-दोन दिवसांत स्नायू भयंकर दुखले आणि लघवी काळपट झाली, तर वाट न बघता डॉक्टर गाठा.

सायकलला माझ्याकडून पाचपैकी चार, सर्किटला अडीच. सभासदत्व मी वाढवलंय. फळ्यावर आता आकडा लिहीत नाही, वहीत फक्त उचललेलं वजन लिहिते. पडद्यावरून नाव लपवायची सोय आहे हे मला सहाव्या महिन्यात कळलं; तेव्हापासून माझे आकडे फक्त माझ्या फोनवर येतात. शेजारचीनं मात्र दुसऱ्याच दिवशी विचारलं, “अगं, नाव कुठे गेलं तुझं? मी कुणाच्या पुढे राहायचं आता?” त्यामुळे मंगळवारी नाव चालू ठेवते.